म्युझियम बघायला आलोय

साताऱ्यात कुणी तुम्हाला ‘कशाला आलात?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी जरा आजूबाजूला बघून घ्या. मी बघितलं नाही. छातीभर श्वास घेतला आणि नाटकात राजा येण्याआधी भालदार पुकारा करतो तशा आवाजात म्हणालो, “म्युझियम बघायला आलोय!” एवढ्या तीन शब्दांनी एका मुलीचं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आली. ते कसं, ते सांगतोच. पण तुम्ही त्या बाजूला गेलेले नसाल, म्हणून आधी थोडं डोंगराकडून सुरू करतो.

सातारा

आम्ही नागपूरचे. मी, माझी बायको सुमन, आणि माझा पुतण्या सुधीर. सुधीर बँकेत असतो, चष्मा लावतो, आणि त्याची पांढरी मारुती व्हॅन तो स्वतःपेक्षा जास्त पुसतो. गाडी त्याची, चालवणार तो, म्हणून अटही त्याचीच : या प्रवासात मुलगी बघायची नाही. अट ऐकायला विचित्र वाटेल, पण बिचाऱ्याला अनुभव होता. शेगावला दर्शनाला म्हणून नेला, तिथं मुलगी. अमरावतीला बारशाला नेला, तिथं मुलगी. एकदा तर दाढ काढायला नेला, आणि डॉक्टरांची मेहुणी चहा घेऊन आली. सुमननं त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली तेव्हा कुठं त्यानं गाडीची चावी फिरवली.

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळीच अजिंक्यताऱ्यावर गेलो. आमच्या नागपुरात डोंगर म्हणजे सीताबर्डीची टेकडी, दम लागायच्या आत संपते. इथं गाडी निम्म्याच्या वर नेते, तरी उरलेल्या चढात मी तीन वेळा ‘निसर्ग बघायला’ थांबलो. वर पोचल्यावर मात्र वाऱ्यानं माझी टोपी काढून घेतली आणि खाली साताऱ्याकडं भिरकावून दिली. मला राग आला नाही. एवढ्या मोठ्या किल्ल्यावर टोपी ठेवून मी तरी कुठं उभा राहणार होतो! खाली सगळं शहर कुशीत घेतल्यासारखं, पलीकडं यवतेश्वराचा डोंगर, आणि लांब ऊन पडलेल्या पट्ट्यात नदी. सुमन म्हणाली, “इथं राहणाऱ्या माणसाला रोज हे दिसते, अन् तरी तो खाली जाऊन नोकरी करते?”

खाली आलो ते थेट कंदी पेढ्यांच्या दुकानात. आमची संत्रा बर्फी नाजूक, लाजरी. कंदी पेढा तसला नाही. तो खरपूस भाजलेला, तपकिरी, आणि तोंडात गेल्यावर घाई करत नाही. दुकानदाराला मी म्हणालो, “थोडा चाखून बघू?” तो म्हणाला, “चाखा की. पन मग न घेता जाऊन दाखवा.” आम्ही जाऊन दाखवू शकलो नाही.

आणि मग म्युझियम. दाराशी पांढऱ्या शुभ्र सफारीतला, झुबकेदार मिशांचा, काठीसारखा ताठ माणूस उभा होता. निवृत्त हवालदार आहे हे सांगावं लागलं नाही, त्याच्या बुटांनीच सांगितलं. त्यानं आमची गाडी बघितली, सुधीरचा चष्मा बघितला, आणि विचारलं, “कशाला आलाय पाव्हणं?”

मी तो पुकारा केला.

त्याचा चेहरा असा फुलला म्हणता! “आला का! या, या. मगाधरनं तुमचीच वाट बगतोय आमी.”

मी सुमनकडं विजयी नजरेनं बघितलं. आमच्या नागपूरच्या म्युझियममध्ये, अजबबंगल्यात, शाळांच्या सहलींच्या गर्दीत आपल्याला कोण विचारतो? इथं वाट बघतात! हवालदार स्वतः हात धरून मला फिरवायला लागले. चिलखत दाखवलं. लोखंडाच्या बारीक कड्यांचं, जणू कुणी विणायलाच बसलं होतं. दांडपट्टा दाखवला, कोपरापर्यंत हात गिळणारा. जरीचा अंगरखा दाखवला. मी प्रत्येक कपाटापुढं ‘अहाहा’ करत होतो.

“ही तलवार बगा. सरळ, पानीदार,” हवालदार म्हणाले. “आन् ही आमची भाची वैशाली. बी.कॉम. हाय.”

निळ्या साडीतली एक मुलगी आणि तिची आई तिथं उभ्या होत्या. मला वाटलं, मुलगी इथं नोकरीला आहे. “वा! बी.कॉम. होऊन तलवारी सांभाळता!” मी म्हणालो. ती गोंधळून हसली. तिच्या आईनं सुमनला विचारलं, “मुलगा चालवतो का गाडी सवता?” सुमन म्हणाली, “हो ना, नागपूरपासून त्यानंच आणली.” नागपूर ऐकून आई जरा दचकली, पण तेवढ्यात हवालदारांनी व्हरांड्यात पेढ्यांचा पुडा उघडला होता. म्युझियमवाले पेढे देतात! मी तर तिथं राहायलाच यायचं ठरवत होतो.

मग हवालदार सुधीरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “जावा. दोगंबी त्या तोफांकडं जरा जाऊन या. मोकळं बोला.”

सुधीरचा रंग उतरला. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, “काका, शपथ घेतली होती काकूनं. तलवारींच्या आड लपवून मुलगी आणली तुम्ही?”

“मी? अरे, मला तर ही क्लार्क वाटते!”

तो पाय ओढत तोफांकडं गेला. तिकडं काय झालं ते त्यानं नंतर सांगितलं. वैशालीनं विचारलं, “तुम्ही लेथ मशीन नवीन घेतलंय ना?” सुधीर म्हणाला, “कसलं लेथ मशीन? मी बँकेत आहे.” ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही सांगलीचे नाही?”

आणि नेमक्या त्याच वेळी दारातून धोतर, टोपी आणि करड्या भुवया असलेले एक गृहस्थ आत आले. त्यांच्यामागं त्यांची बायको, त्यांच्यामागं एक चष्मेवाला तरुण, आणि बाहेर एक पांढरी मारुती व्हॅन. गृहस्थ हवालदारांकडं बघून, एक भुवई उडवून, गुपित सांगावं तसं म्हणाले, “आमी म्युझियम बगायला आलोय.”

हवालदारांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

झालं होतं ते असं. वैशालीला बघायला याआधी बरेच जण घरी येऊन गेले होते. घरी कार्यक्रम ठेवला की गल्लीला कळतं, आणि मोडला की गल्लीला आणखी लवकर कळतं. म्हणून हवालदारमामांनी यावेळी ठरवलं, भेट म्युझियममध्ये करायची. कुणी ओळखीचं भेटलं तरी सहज आलोय म्हणता येतं. मध्यस्थानं खूण ठेवली होती : पांढरी व्हॅन, चष्मेवाला मुलगा, आणि ‘म्युझियम बघायला आलोय’ हे वाक्य. त्या वाक्याचा जसाच्या तसा अर्थ घेणारं कुणी नागपूरहून येऊन टपकेल, हे मध्यस्थाच्या स्वप्नातही नव्हतं.

धोतरवाले म्हणजे सांगलीचे बेदाण्याचे व्यापारी आण्णा. त्यांनी तोफांजवळ मुलीसोबत उभा असलेला दुसराच चष्मा बघितला आणि त्यांच्या भुवया एकमेकींना भिडल्या.

“एका पोरीला एका वक्ताला दोन दोन पाव्हणं? आवं, बाजारात बेदान्याचा सौदासुदिक आमी असा करत न्हाई!”

“आण्णा, चुकी झाली, ऐका तरी…” हवालदार म्हणाले.

मी मध्ये पडलो. अशा वेळी मध्ये पडायचं नसतं, हे सुमन मला लग्नापासून सांगत आली आहे. मी म्हणालो, “अहो, आम्ही खरंच म्युझियम बघायला आलोय!”

“आमीबी म्युझियमच बगायला आलोय!” आण्णा गरजले.

“तसं नाही, आम्ही म्युझियम बघायला म्हणजे म्युझियम बघायला!”

“मग आमी काय त्वांड बगायला आलोय?”

आवाज एवढे चढले की कपाटांच्या काचा थरथरल्या. तेव्हा वैशाली तोफांकडून सरळ चालत मध्ये आली. मान वर. “मामा, आण्णा,” ती म्हणाली, “इथल्या तोफा इतकी वर्षं गप्प हायत. तुमीबी जरा गप बसा की.”

आण्णांचा मुलगा राजेंद्र तेवढ्यात हसला. मी बघितलं. पण आण्णांनी पाठ फिरवली, बायको-मुलाला पुढं घातलं, आणि गाडीचं दार लावून घेतलं.

हवालदारमामा पायरीवर बसले. मिशा खाली आल्या होत्या. “आता मी त्यांच्या दारात जानार न्हाई,” ते म्हणाले. “पोरीचा मामा हाय मी. हात जोडत गेलो तर उद्या तिलाच तिथं मान खाली घालून ऱ्हावं लागंल.”

आम्हाला पुढं सांगलीलाच जायचं होतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “मी जातो. मोडलं माझ्या तोंडानं, जोडीनही माझ्याच तोंडानं!” वाक्य चांगलं जमलं होतं. पण टाळ्या पडल्या नाहीत. वैशालीनं फक्त म्हटलं, “काका, त्यांना मनवू नका. खरं काय ते तेवढं सांगा.”

औंध आणि तासगाव

दुसऱ्या दिवशी आडवाटेनं निघालो. उसाच्या बैलगाड्यांची रांग पुढं असली की घाई नावाची गोष्टच उरत नाही. बैल आपल्या लयीत, शिंगांना गोंडे, आणि मागून कांडं उपसणारी शाळेची पोरं. सुधीरनं हॉर्न वाजवला तर गाडीवान वळून म्हणाला, “आरं गड्या, मोटारीला ऐकू येतं, बैलाला न्हाई!”

औंधच्या टेकडीवर यमाईचं देऊळ, आणि चढाच्या मध्यावर ते संग्रहालय. एवढ्याशा गावाला हे वैभव! भिंतभर तैलचित्रं, हस्तिदंताची नाजूक कामं, संगमरवरी पुतळे, आणि खिडकीतून दिसणारं माळरान, तेही एखाद्या चित्रासारखंच टांगलेलं. एरवी मी आरोळ्या ठोकत फिरलो असतो. पण दाराशी बसलेल्या माणसानं “कशाला आलाय?” विचारलं आणि माझी बोबडी वळली. “चित्रं,” मी म्हणालो. “फक्त चित्रं. दुसरं काही नाही. हा मुलगा नुसता ड्रायव्हर आहे.”

एका राणीच्या चित्रापुढं उभं राहून सुमननं मला सांगितलं, “काल निघताना तिची आई रडून राहिली होती. म्हणाली, आतापर्यंत सगळ्यांनी वैशालीला बघितलं. या मुलाची माहिती ऐकून वैशालीच पहिल्यांदा ‘हो’ म्हणाली होती.”

राणी दागिन्यांत मढून माझ्याकडं बघत होती. मला पुढचं चित्र दिसेना.

सुधीरही मवाळ झाला होता. गाडीत म्हणाला, “काका, मी इतक्या मुली बघितल्या. मला बघून नाक मुरडणाऱ्याही भेटल्या. पण ‘हा तो नाही’ म्हणून हिरमुसलेली पहिलीच. ते जमलं पाहिजे.”

तासगावात गणपतीचं सात मजल्यांचं गोपुर बघितलं. दक्षिणेतलं देऊळ वाट चुकून द्राक्षांच्या मोहात इथंच राहिलं असावं असं वाटतं. आणि द्राक्षं! मांडवाखाली वाकून शिरलात की डोक्यावर हिरवी झुंबरं. शेजारच्या लांबलचक शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली, रोज थोडी थोडी सुकत बेदाणा होत चाललेली. आमच्याकडं संत्रं सुकलं की फेकून देतात, इथं सुकलं की भाव वाढतो. बागवाल्यानं ओंजळभर घड हातात दिला. मी सहज विचारलं, “सांगलीचे बेदाण्याचे आण्णा कसे आहेत हो?”

तो म्हणाला, “मानूस सोन्यासारका. पन एकदा न्हाई म्हनला की न्हाई. त्याच्या तोंडनं परत व्हय निगालेलं मी तरी ऐकलं न्हाई.”

द्राक्ष आंबट लागलं. गोड होतं, पण मला आंबट लागलं.

सांगली

संध्याकाळी आयर्विन पुलावर उभे राहिलो. खाली कृष्णा रुंद, संथ, आणि घाटावर दिव्यांची नुसती सुरुवात. सुमननं कागदाच्या पुडीतून भडंग पुढं केलं. आपला चिवडा नुसता चुरचुरतो, भडंग मात्र लसणाचा ठसका देऊन विचारतं, “काय, आलं का लक्षात?” दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीच्या देवळात गेलो. मोकळं आवार, उंच गाभारा, आणि रविवार म्हणून नटूनथटून आलेली कुटुंबं. मी देवापुढं डोळे मिटले, पण मागायचं सोडून आण्णांशी काय बोलायचं त्याची तालीमच करत राहिलो.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “इथलंही म्युझियम फार चांगलं आहे म्हणतात, जाता जाता…”

“काय करून राहिले तुम्ही?” सुमन कडाडली. “तिकडं पोरीचं लग्न, अन् तुम्हाला म्युझियम!”

बाजारपेठेत ‘बेदाण्याचे आण्णा’ विचारलं की शेंबडं पोरही घर दाखवतं. खाली दुकान बंद, वर राहतं घर. आण्णा झोपाळ्यावर होते. आम्हाला बघून झोपाळा थांबला, पण बसा म्हणाले. सांगलीचा माणूस भांडण असलं तरी पाणी आधी देतो. पाठोपाठ ताटभर बेदाणे आले. राजेंद्र खिडकीशी उभा राहिला.

मी घडलेलं सगळं सांगितलं. आण्णा ऐकत होते, पण भुवया हलल्या नाहीत. मग म्हणाले, “एकच इचारतो. तुमच्या पोराला ती पोरगी पसंत पडली का न्हाई?”

पडली म्हणावं, तर आम्ही दुसरे दावेदार. नाही म्हणावं, तर त्या मुलीचा अपमान. तेवढ्यात सुधीर म्हणाला, “आण्णा, तिलाच मी पसंत पडलो नाही. माझ्याकडं लेथ मशीन नाही ना.”

खिडकीशी राजेंद्रनं मान वर केली. कुपवाडला त्याचं छोटं वर्कशॉप होतं, आणि लेथ त्यानं नुकतंच घेतलं होतं. “ती… लेथचं बोलली?” त्यानं विचारलं.

“तू गप रं,” आण्णा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “पाव्हणं, बाकी समदं पटतंय, एकच पटत न्हाई. नागपूरवरनं गाडी काढून तलवारी बगायला कोन येतंय? माझं सारं आयुष्य सांगलीत गेलं, मी हितलं म्युझियम बगितलं न्हाई! बरं, बगितलं ना तुमी? मग सांगा, काय बगितलं?”

काय बघितलं? मला विचारलं, काय बघितलं?

मी उठलो. सुमननं पदर तोंडाला लावला, तिला पुढचं माहीत होतं. “वहिनी, एक गोधडी द्या,” मी आण्णांच्या बायकोला म्हणालो. गोधडी अंगाला गुंडाळली. हे चिलखत! “आण्णा, इतकी कडी, एकात एक, एकात एक! घातल्यावर माणूस श्वास कसा घेत असेल? असा!” आणि मी तसा श्वास घेऊन दाखवला. कोपऱ्यातली छत्री उचलली. हा दांडपट्टा! इथपर्यंत हात आत जातो, मनगट वळतच नाही, सगळा माणूस वळावा लागतो! मी सगळाच्या सगळा वळलो. जरीचा अंगरखा सांगताना भिंतीवरचं कॅलेंडर छातीला लावलं. तोफ सांगताना गुडघ्यावर बसलो आणि तोंडानं उडवली. शेजारची माणसं जिन्यात जमली, खिडकीत डोकी आली. “आवं, खाली वाका, वाका!” कुणीतरी ओरडलं, पण उशीर झाला होता. शेवटच्या वारात छत्री ताटाला लागली आणि खोलीभर बेदाण्यांचा पाऊस पडला.

गोधडी माझ्या पायात. मी धापा टाकत उभा.

आण्णांच्या टोपीवर बेदाणे होते. त्यांचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि मग तो माणूस झोपाळ्याची कडी धरून असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. “राजा,” ते मुलाला म्हणाले, “ह्यो खरं बोलतोय. लबाड मानूस एवढा येडा नसतो. ह्यो तलवारीच बगायला आला हुता!”

जिन्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमन मात्र जमिनीवरचे बेदाणे वेचत होती.

पण आण्णांचं हसू हळूहळू ओसरलं. “झालं ते झालं,” ते पुटपुटले. “पन पाठ मी फिरवली. आता कुठल्या त्वांडानं फोन करू?”

“मी करतो,” राजेंद्र म्हणाला.

त्यानं फोन फिरवला. “हवालदारमामा, मी राजेंद्र, सांगलीतनं. वैशालीला देता का?”

“आरं, थेट पोरीला?” त्याची आई दबक्या आवाजात किंचाळली.

पलीकडं फोन हातोहात गेला, आणि राजेंद्रचा कान लाल झाला. “मी राजेंद्र,” तो म्हणाला. “परवा म्युझियम बघायचं राहिलं माझं. उद्या येऊ का?”

त्यानं ऐकलं. रिसीव्हरवर हात ठेवला.

“काय म्हनती?” आण्णा.

“म्हणती, सोमवारी म्युझियम बंद असतंय.”

आण्णा खाली बघून म्हणाले, “बरोबर हाय तिचं. आपनच आधी पाठ फिरवली.”

“न्हाई आण्णा. पुढं इचारती,” राजेंद्रच्या चेहऱ्यावर ते परवाचं हसू आलं होतं, “सांगलीत बघायला काय काय हाय?”

मग जे काही झालं! जिन्यातून कुणी ‘गणपतीचं देऊळ’ ओरडलं, खिडकीतून कुणी ‘घाट’, सुमन ‘भडंग’ म्हणाली. आण्णांनी झोपाळ्यावरून उडी मारून रिसीव्हर हिसकावला आणि साताऱ्याला फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“पोरी, तू ये! आयर्विन पूल हाय, घाट हाय, गणपती हाय. म्युझियमबी हाय! मी आजून बगितलं न्हाई, पन हाय!”